आलेच

बातमी आली तो दिवस इतर कुठल्याही दिवसासारखाच होता. किल्लेदार शिडीवर उभे होते आणि जुन्या कचेरीच्या सज्ज्याखाली, भिंतीच्या भेगेत रुजलेलं एक रोपटं मुळासकट काढायच्या खटपटीत होते. नुसतं वरून खुडलं तर ते दुप्पट जोमाने येतं. ओढताना जोर जास्त झाला, तर भिंतीचा जुना चुना ढेकळासारखा हातात येतो. म्हणून हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

किल्लेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते या सरकारी इमारतीचे व्यवस्थापक. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून दिवसभर फिरायचे, म्हणून बायकोने ठेवलेलं नाव. "किल्ला नाही, नुसत्या किल्ल्या. पण तोरा बघा," असं ती म्हणायची. पुढे ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

खिशातला फोन वाजला.

"अहो, दुकान बंद केलंय. निघाले. आलेच."

"तुझं आलेच मला ठाऊक आहे. वाटेत कोणी भेटलं की बसलीस गप्पा मारत."

"आणि तुमचं आलोच? वाट बघून बघून त्या बाकाबरोबर माझंही लाकूड झालंय. ठेवा आता. आलेच."

तिचं शिवणकामाचं दुकान होतं. संध्याकाळी ते बंद केलं की ती कचेरीच्या मागच्या लहान दाराने आत यायची, लांब व्हरांड्यातल्या बाकावर खांबाला टेकून बसायची आणि यांची दारं-खिडक्या लावून होईपर्यंत वाट पाहायची. तिच्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास असायचा. ती आली, हे किल्लेदारांना वळणापलीकडूनच त्या वासाने कळायचं. मग दोघं मिळून घरी.

त्या दिवशी रोपटं अलगद, मुळासकट निघालं. ते हातात धरून किल्लेदार खाली उतरले, तोच पुन्हा फोन आला. अनोळखी आवाज, फार सभ्य. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ती जरा टेकली होती. "थोडा दम खाते," म्हणाली होती. त्यानंतर उठली नव्हती.

किल्लेदारांनी रोपटं शिडीच्या पायरीवर नीट ठेवलं. मग त्यांनी जे केलं, त्याचं त्यांना पुढे स्वतःलाच नवल वाटत राहिलं. त्यांनी जुडगा काढला आणि रोजच्यासारखं एकेक दालन बंद करत गेले. खिडक्यांचे अडसर, दारांच्या कड्या, जिन्याचं जाळीचं फाटक. कुठेही घाई नाही. फक्त मागचं लहान दार त्यांनी तेवढं नुसतं लोटून ठेवलं. ती यायची होती ना अजून.

अंत्यविधी आटोपल्यावर ते पुन्हा कामावर रुजू झाले. लेक म्हणाली, "बाबा, इतक्यात कशाला?" ते म्हणाले, "इमारतीला सुतक नसतं बाळ. छत खरवडायला काढलंय, लक्ष नको?"

जुनी कचेरी एके काळी न्यायालय होतं. आता तिथे कोणी न्याय मागायला येत नाही. दिवसा पाहुणे येतात, माना वर करून छत बघतात, लाकडी कठड्यावर नाव कोरायला खिळा काढतात आणि किल्लेदारांनी खाकरलं की तो खिशात घालतात. पण मागचा व्हरांडा अजून जुन्याच काळात राहिल्यासारखा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड बाक, एकाच झाडाचा. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्यावर पुकाऱ्याची वाट बघत बसलेली, त्यामुळे लाकडात जागोजाग उथळ खळगे पडलेले. दुपारी झाडांची सावली त्या खळग्यांवरून इतक्या सावकाश सरकायची, की बघणाऱ्याला पेंग यावी.

त्या दिवसांत छताचा जुना चुना खरवडायचं काम तिथेच चालू होतं. गवंडी दुपारीच काम थांबवून जात, आणि मग संध्याकाळपर्यंत हवेतून पांढरी भुकटी उतरत राही. बाकावर, फरशीवर, कठड्यावर. सगळं पिठात घोळल्यासारखं दिसे. आपलेच पाय पांढऱ्यात उमटताना बघत किल्लेदार खिडक्या लावत जात. डोकं कापसाने भरल्यासारखं हलकं असे. दुःख वगैरे काही जाणवत नसे. फक्त आपण कुठल्या तरी लांबच्या खोलीत आहोत आणि दार कोणी तरी बाहेरून हळूच ओढून घेतलंय, असं वाटे.

अशाच एका संध्याकाळी, शेवटच्या खिडकीचा अडसर सरकवताना, मागच्या दाराकडून आवाज आला.

"आलेच..."

किल्लेदारांचा हात अडसरावर तसाच राहिला. मागोमाग, चुन्याच्या कोरड्या वासातून, कोऱ्या कापडाचा वास आला. अगदी पुसट. दुकानातला तागा उलगडावा तसा.

ते घाबरले नाहीत. हे त्यांना नंतर विचित्र वाटलं. ते खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि अंधारून येईपर्यंत उभे होते. कोणी आलं नाही. पण घरी जाताना कित्येक दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

मग ते रोजचंच झालं. उन्हं उतरली की तो एक शब्द यायचा. कधी दारापलीकडून, कधी वाटेवरच्या पाचोळ्यातून, कधी जवळ, कधी लांब. मागच्या दाराला कडी घालायची नाही, हे किल्लेदारांनी मनाशी ठरवून टाकलं. बाकी सगळी इमारत ते पूर्वीपेक्षा काटेकोरपणे बंद करत. या एका दाराबाबत मात्र विसरल्यासारखं करत. घरी लेक म्हणायची, "बाबा, जेवायला चला," आणि ते म्हणायचे, "आलोच." म्हणायचे आणि तसेच बसून राहायचे.

ही चोरी फार दिवस लपली नाही. देखरेखीला येणाऱ्या इंजिनिअर बाई एक दिवस सकाळीच आल्या आणि नेमक्या मागच्या वाटेने. दाराला हात लावताच ते उघडलं.

"किल्लेदार, हे काय? आत एवढा जुना ऐवज, आणि दाराला कडी नाही?"

"राहिलं असेल लावायचं."

"तुमच्याकडून?" बाईंचा आवाज मऊ झाला. त्यांना घरची हकीकत माहीत होती. "हे बघा, तुम्हाला रागवावंसं वाटत नाही. पण कोणीही शिरेल. तसंही चौकट वाळवीने खाल्लीय. उद्या गवंडी हे दार चिणून टाकतील. आजच्या रात्रीपुरती आतून कडी घाला. नक्की?"

"नक्की," किल्लेदार म्हणाले. दुसरं काय म्हणणार? इमारत सांभाळायचं वचन त्यांनीच दिलं होतं. आणि उद्या ते दार भिंत झालं, की तिने यायचं कुठून?

दुपारी ते फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी जाऊन बसले. पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत. मामांनी थर्मासचं झाकण भरून चहा पुढे केला.

"घ्या. इंजिनिअर बाईंनी कान उपटलेले दिसतायत. लाल झालेत."

"मामा, एक विचारू? हसायचं नाही."

"हसायला दात लागतात साहेब. विचारा."

"संध्याकाळी... मागच्या बाजूला... तुम्हाला कधी काही ऐकू येतं?"

मामा चहा प्यायचे थांबले. झाडावरून एक वाळकं पान फिरत फिरत खाली येईपर्यंत ते त्या पानाकडेच बघत होते.

"येतं की. आलेच म्हणतो तो."

"तो?"

"तो म्हणजे... बाप्याचाच आवाज आहे. घसा बसलेला. मी इथे लागलो तेव्हापासून ऐकतोय. माझ्या आधीचा पहारेकरीही सांगायचा."

किल्लेदारांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. "मामा, ती... आमची ही तसं म्हणायची. आलेच म्हणून."

"माहीत आहे मला. वहिनी फाटकावरून गेल्या तर मलाही म्हणायच्या." मामांनी आवाज खाली आणला. "पण साहेब, कोर्टाचा पट्टेवाला शिपाई पण हेच म्हणायचा म्हणे. लोक बाकावर ताटकळत बसलेले, जज्जसाहेबांचा पत्ता नाही. कोणी विचारलं की हा सांगायचा, बसा, बसा, आलेच. साहेब आलेच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. अशानं बाकावर बसल्या बसल्या माणसं म्हातारी झाली, असं म्हणतात."

"मग आता कोण आले म्हणतो तो?"

"ते विचारायचं नसतं," मामा म्हणाले, आणि उरलेला चहा त्यांनी मातीत ओतून टाकला.

किल्लेदार परत फिरले. वाटेत तो शब्द त्यांनी मनातल्या मनात उलटापालटा करून पाहिला. बाई स्वतःबद्दल म्हणते, मी आलेच. आणि दुसऱ्या कोणाबद्दल, मोठ्या माणसाबद्दल किंवा पुष्कळ माणसांबद्दल सांगायचं, तरी तेच. ते आलेच. इतकी वर्षं हा शब्द रोज कानावर पडत होता, आणि त्याला दोन दारं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी सगळी कचेरी बंद केली आणि शेवटी मागच्या व्हरांड्यात आले. पश्चिमेचा उजेड तिरपा आत आला होता आणि त्यात भुकटी तरंगत होती. फरशी पांढरीशुभ्र, दुपारपासून कोणाचं पाऊल न पडलेली. त्यांना ते बघून बरं वाटलं. मग त्यांची नजर बाकावर गेली.

बाकावर भुकटी नव्हती. म्हणजे होती, कडांना होती, पण खळग्यांमधून ती पुसली गेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका शेजारी एक, माणसं दाटीवाटीने बसून उठावीत तशा स्वच्छ जागा. खांबापाशीही एक होती. तिची. आणि तिच्या शेजारी, एकच जागा पांढरी राहिली होती. एका माणसापुरती. कोणी तरी कोणासाठी राखून ठेवावी तशी.

फरशीवर मात्र त्यांच्या स्वतःच्या पावलांखेरीज काही नव्हतं.

किल्लेदार दारापाशी गेले. त्यांनी कडीला हात घातला. लोखंड गार असायला हवं होतं, ते कोमट होतं. कोऱ्या कापडाचा वास इतका दाट झाला होता की श्वास कापडातून घेतल्यासारखा वाटत होता. दाराच्या पलीकडून, फळीला तोंड लावून बोलावं इतक्या जवळून, शब्द आला.

"आलेच..."

बाईचा आवाज होता की बाप्याचा? त्यांनी कान देऊन ऐकलं होतं, तरी सांगता येईना. स्वप्नात ओळखीचं माणूस दिसावं आणि चेहरा बघायला गेलं की तो नसावा, तसं झालं. विचारायचं होतं, कोण गं? तोंडात आलं मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीचं.

"आलोच."

पाठीमागे बाक करकरला. सबंध लांबीने, हळूच. बसलेल्या माणसांनी थोडं थोडं सरकून घ्यावं तसा.

त्यानंतर किल्लेदार फाटकापाशी होते. मध्ये काही वेळ गेला असावा, कारण उजेड सरला होता आणि मामा बॅटरी घेऊन त्यांच्याकडेच यायला निघाले होते.

"केवढा उशीर साहेब! मी म्हटलं, झोप लागली की काय. मागचं झालं ना?"

"झालं," किल्लेदार म्हणाले, आणि जुडगा मामांच्या हातात दिला.

घरी लेकीने दार उघडलं आणि ती मागे सरली. "हे काय बाबा? कुठे बसला होतात?"

"कुठेच नाही. उभाच होतो."

"पाठ बघा तुमची! सगळा चुना." ती त्यांना उंबऱ्याबाहेरच वळवून पाठ झटकू लागली. डोकं पांढरं, पाठ पांढरी, मांड्यांची मागची बाजू पांढरी. झटकता झटकता तिचा हात थांबला.

"बाह्यांना कसा नाही लागला?"

किल्लेदारांनी खाली पाहिलं. त्यांच्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कोपरापर्यंत स्वच्छ होत्या. दोन्ही अंगांनी कोणी तरी बराच वेळ खेटून बसावं, तशा. डावीकडे खांब होता आणि खांबाला टेकून बसणारी ती. डावी बाही त्यांनी नाकाशी नेली. कोऱ्या कापडाचा वास होता.

उजवीचा वास त्यांनी घेतला नाही.

"बाबा, आत या ना," लेक म्हणाली. "पान वाढलंय."

ते हात धुवायला गेले. पाणी बोटांवरून पांढरं होऊन वाहू लागलं, आणि तेव्हा त्यांना आठवलं. कडीवरून हात त्यांनी काढला होता. दार लोटलेलंच होतं. कडी घालायची राहिली होती.