बुजवायचा राहिलेला खड्डा

इंग्लंडात, सफोकमधल्या आमच्या गावच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी सहाला टेबल मांडलं जातं. हिरवं कापड, एक भिंग आणि मागे एकच खुर्ची. बावीस वर्षं ती खुर्ची माझी आहे. क्लबातली मंडळी कापणी झालेल्या शेतांत धातू शोधणारे डिटेक्टर फिरवतात आणि सापडेल ते चेपलेलं, गंजलेलं माझ्यासमोर आणून ठेवतात. मी सांगतो, ही जुन्या पोथीची कडी, हा मेंढीच्या घंटेचा लोलक, हा ट्रॅक्टरचा तुकडा, घरी ने.

क्लबाचा नियम एकच. खणलेला खड्डा तिथल्या तिथं बुजवायचा. एक जरी उघडा राहिला तरी शेतकरी पुन्हा फाटक उघडत नाही, म्हणून खणणाऱ्याचं नाव कायमचं कापलं जातं. नियम मीच लिहिलाय.

मार्चमध्ये आयव्हर कॅचपोल आला. निवृत्त पोस्टमन. त्याला पुस्तक लागत नाही, भिंग लागत नाही. वस्तू मुठीत धरतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "हे बकल डाव्या बुटाचं. बाई लंगडत होती. ओढ्याकाठच्या कुंपणापाशी तुटलं." आणि दुसरा तुकडा त्या कुंपणापाशीच निघाला! हॉलमध्ये चहा करणारी डोरीन बावीस वर्षं पहिला कप मला द्यायची, ती आता त्याला द्यायला लागली. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो थापा मारत असता तर एक वेळ चाललं असतं. त्याचं चुकत नव्हतं, हे जास्त झोंबायचं.

त्याला तोंडघशी पाडायचं मी ठरवलं. छपरावरचा जुना शिशाचा पत्रा वितळवून चिकणमातीच्या साच्यात एक चकती ओतली. साच्याच्या तळाशी मी अंगठा दाबला होता, तो ठसा चकतीच्या पाठीवर उमटला, पटाशी लागून झालेल्या तिरक्या व्रणासकट. पुढच्या बाजूला जगातल्या कुठल्याच लिपीत नसलेली तीन चिन्हं कोरली. मग चकती व्हिनेगरमध्ये भिजवली आणि महिनाभर शेणखतात पुरून ठेवली.

"आयव्हर, मी हरलो बुवा," मंगळवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो. "आता तूच सांग."

त्यानं चकती बराच वेळ मुठीत धरली. मग हात पँटला पुसला.

"काहीच नाही. ही कुणी हरवलेलीच नाही. अजून."

"अजून? आज गाडी अडली वाटतं पोस्टमनची!" डोरीन म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

चकती परत देताना तो हळूच म्हणाला, "नेव्हिल, घरीच ठेव ही. शेतात नको नेऊस."

त्या संध्याकाळी पहिला कप मला मिळाला. चकती मी जॅकेटच्या खिशात टाकली आणि शीळ घालत घरी गेलो.

रविवारी गार्नहॅम या शेतकऱ्याच्या वरच्या शेतात गेलो, एकटाच. दुपारी खिशात हात घातला तर बोटं आरपार बाहेर आली. खिसा फाटला होता. माझीच चकती शोधत मी माझ्याच पावलांवरून डिटेक्टर फिरवत मागे निघालो. एका जागी तो खणखणीत वाजला. वर काहीच नव्हतं. वीतभर खणलं, तरी काही नाही. नांगर पोचतो त्याच्याही खाली घट्ट पिवळी माती लागली, कधी कुणी न हलवलेली. डिटेक्टर वाजतच होता. मी गुडघ्यांवर बसून हातानं उकरलं.

चकती तिथं होती. शतकानुशतकं जमिनीत पडलेल्या शिशावर चढतो तसा पांढरा थर तिच्यावर चढला होता. कडा झिजल्या होत्या. मी बाटलीतल्या पाण्यानं ती धुतली. तीन चिन्हं. पाठीवर अंगठा. तिरका व्रण.

मी उठून चालू लागलो. खड्डा तसाच राहिला, हे घरी आल्यावर लक्षात आलं. परत जायचं धाडस झालं नाही.

मंगळवारी मी चकती कुणाला दाखवली नाही. आयव्हरच जवळ आला आणि त्यानं हात पुढे केला. का कोण जाणे, मी ती दिली.

"आता आहे," डोळे मिटून तो म्हणाला. "एक माणूस गुडघ्यांवर बसलाय. हात खड्ड्यात. त्याला उठता येत नाहीये."

"कोण आहे?"

"पाठमोरा आहे. जॅकेटचा खिसा फाटलाय." त्यानं डोळे उघडले. "खड्डा बुजवलास ना?"

डोरीन कप घेऊन शेजारीच उभी होती. खरं बोललो असतो तर माझं नाव गेलं असतं, आणि खुर्ची याला मिळाली असती. ते मला सहन होणार नव्हतं.

"बुजवला," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी नाश्त्याला बसलो होतो. गार्नहॅमचा फोन आला.

"नेव्हिल, तुमचा कोण माणूस माझ्या शेतात बसलाय? काल दिवसभर होता. आजही आहे. हाक मारली तर मान वळवत नाही."

मी खुंटीकडे पाहिलं. माझं जॅकेट तिथंच होतं.

"मागून मला तूच वाटलास," तो म्हणाला. "पण तू तर घरी आहेस."

"आयव्हरला सांगू नका," माझ्या तोंडून गेलं.

"तो आलाय की इथं. फावडं घेऊन. खड्डा मी बुजवतो, नेव्हिलचं नाव जायला नको, म्हणाला. भला माणूस आहे. लागलासुद्धा कामाला. तुमचा तो मात्र अजून उठत नाहीये."

मी चहाचा घोट घेतला. दाताखाली माती कचकचली.