मंदाकाकीचा चहा

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक पत्र्याची बैठी चाळ आहे. समोर अंगण, अंगणात सामाईक नळ, आणि नळावर कुणाच्या घरात काय शिजलं हे सगळ्यांना कळतं. दीपा आणि नीलेश तिथे आले ते नीलेशला एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत काम लागलं म्हणून. जतकडची कोरड्या हवेतली माणसं. इथला दमटपणा आणि कारखान्यांचा उग्र वास अंगवळणी पडतोय न पडतोय तोच जमीन हलायला लागली.

फार नाही. मांडणीवरची भांडी वाजायची, पत्रे कुरकुरायचे आणि संपायचं. पण एका दुपारी चाळीतल्या मंदाकाकीच्या खोलीची मागची भिंत अर्धी खाली आली आणि काकीची सून शकू तिच्याखाली सापडली. शकू वाचली, पण अजून लंगडते. मालकानं भिंत पुन्हा उभी केली. भेग महिन्याभरात गिलाव्यातून परत वर आली.

तेव्हापासून दीपाला धडधड सुरू झाली. हादरा यायच्या आधी तिच्या तळपायांत झिणझिण्या यायच्या, मग श्वास अडकायचा. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी घाबरेपणावर बारीकशी पांढरी गोळी दिली. गुण आला. इतका आला की पुढे गोळीवाचून तिचं पान हलेना. एक वेळ चुकली तर हात कापायचे. घराची किल्ली विसरेल, पण पर्समधली गोळी चाचपून पाहिल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे.

तिचे सासरे दारूपायी गेले होते. नीलेश एकदा थट्टेत म्हणाला, "आबांची बाटली गेली, आता तुझी गोळी आली." तो हसला आणि कूस बदलून झोपला. दीपाच्या मात्र ते जिव्हारी लागलं. आबांचे हात कापताना तिनं पाहिले होते. आपली लेक राणी मोठी होऊन आपल्याकडे तशाच नजरेनं बघणार, या विचारानं तिला स्वतःची शिसारी आली. तिनं गोळी सोडायचं ठरवलं.

"एकदम नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळूहळू कमी करू."

दीपानं अर्धी घेतली, त्याच दिवशी भांडी वाजली. पुन्हा पूर्ण घ्यायला लागली, तर शांत. पुन्हा अर्धी केली, पुन्हा तेच. योगायोग, दुसरं काय. जमीन आपल्या गोळीवर चालते असं मानायला ती काही खुळी नव्हती. म्हणूनच तर तिनं ही गंमत नळावर हसत हसत सांगितली.

नळावर कुणी हसलं नाही.

त्या दिवसापासून चाळीत "जेवलीस का" मागं पडलं आणि "गोळी घेतलीस का" सुरू झालं. शेजारचा भाग्येश कामावर निघताना सायकल थांबवून विचारायचा. कोपऱ्यातल्या खोलीतली गोजराबाई, जी नळावर सख्ख्या लेकीलाही आपली पाळी द्यायची नाही, ती दीपाला पुढं करायची आणि हळूच तेच विचारायची. दीपाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"मी काय चाळीचा खांब आहे?" तिनं नीलेशला विचारलं.

नीलेशनं ताटातून मान वर केली नाही. "घेतलीस तर काय बिघडतंय?"

मग ती हट्टालाच पेटली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तशी कमी करत करत तिनं गोळी बंद केली. ते दिवस वाईट गेले. जमीन रोज कुरकुरली, चाळीनं तिच्याशी बोलणं टाकलं, भाग्येशची बायको पोराला तिच्या सावलीतूनही बाजूला ओढायची. आणि मग एका सकाळी मंदाकाकीनं आपणहून हाक मारली.

"ये गो, चाय पी. रुसून काय मिलनार हाय?"

काकीच्या चहात आलं फार, साखर त्याहून फार. पण गेलेली माणसं परत आली याचाच दीपाला इतका आनंद झाला की ती रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागली. हात कापायचे थांबले. झोप लागायला लागली. आणि जमीन गप्प झाली ती झालीच. सुटले बाई एकदाची, दीपाला वाटलं. राणी तेवढी हल्ली शाळेतून आली की काकीकडे दूध पिऊन तिथंच चटईवर पेंगायची. ऊन किती वाढलंय, दीपा म्हणायची.

चैत्रात ती पालघरला डॉक्टरीणबाईंना सांगायला गेली.

"हात थरथरतात?"

"नाही."

"झोप?"

"छान लागते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "नशीबवान आहात. इतकं सोपं कुणाला जात नाही."

परतताना तिनं पेढे घेतले. पहिला काकीला द्यायचा होता. काकीचं दार उघडंच होतं. राणी गणवेशातच मागच्या भिंतीशी चटईवर झोपली होती. काकी पाठमोरी बसून खलबत्त्यात आलं कुटत होती. आल्याबरोबर बत्त्याखाली काहीतरी पांढरं होतं. शेजारी गोळ्यांची रिकामी पट्टी पडली होती.

दीपानं ती पट्टी ओळखली. माणूस आपल्या वैऱ्याला ओळखतो तशी.

"कुठून आणलीत?"

काकी दचकली नाही. "नीलेश देतो आनून."

"किती घालता?"

"आता दोन लागतात. एकानं भागत नाय, भांडी वाजतात." काकीनं चहा गाळून कप पुढं केला. तिच्या आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तीच दीपाला सोसेना. "थंड व्हईल गो."

दीपानं कप घेतला आणि मोरीत ओतला.

तळपायांत झिणझिण्या आल्या.

आधी मांडणीवरची ताटं वाजली. मग डबे. मग पत्रा. असा हादरा चाळीनं कधी अनुभवला नव्हता, कारण तो थांबेचना. भिंतीतल्या भेगेतून वाळू सुटली आणि बारीक धारेनं राणीच्या केसांवर पडू लागली.

"राणी!"

राणी हलली नाही. दीपानं तिला उचललं. मान भिजलेल्या टॉवेलसारखी लोंबली. डोळे अर्धवट उघडे, श्वास संथ.

दारात चाळ उभी होती. शकू, गोजराबाई, भाग्येशची बायको पोराला कडेवर घेऊन. सगळ्यांच्या मागं नीलेश, डबा हातात, कामावरून नुकताच आलेला. कुणी पत्र्याकडे बघत नव्हतं. सगळे दीपाकडे बघत होते.

वाट कुणी अडवली नव्हती. पण कुणी सरकलंही नाही.

"नीलेश," ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत राहिला.

भिंतीचा एक तुकडा चटईवर पडला, जिथं आत्तापर्यंत राणीचं डोकं होतं तिथं.

काकीनं पातेल्यात उरलेला चहा कपात ओतला आणि दीपाच्या तोंडाशी धरला. दीपाचे दोन्ही हात राणीत गुंतले होते. तिनं तोंड उघडलं. आलं, साखर, आणि त्याखाली तो कडूपणा, जो इतके दिवस तिला कळला नव्हता. की कळला होता?

शेवटचा घोट उतरला आणि डबे थांबले. मग ताटं. मग पत्रा.

दारातली माणसं आपापल्या खोल्यांकडे वळली. कुणीतरी नळ सोडला. शकू लंगडत आत आली आणि केरसुणीनं वाळू गोळा करू लागली.

दीपाला चुलीशेजारी राणीचा दुधाचा पेला दिसला. तळाशी साय होती, आणि सायीखाली पांढरा चुरा.

"तिच्या पन पायात झिनझिन्या येतात, म्हनत व्हती," काकी म्हणाली. "तुझ्यासारक्याच."

तिनं पेला विसळला आणि उद्यासाठी पालथा घातला.