एक्सेटरला पोचल्यावर वाच

डार्टमूरच्या माळावरच्या आमच्या सराईपुढे टपालगाडी घोडे बदलायला थांबे, ती दोनच मिनिटं. तीन वर्षं त्या दोन मिनिटांत गाडीवरचा टपालरक्षक एमॉस आणि मी एकमेकांना टोमणे मारत आलो होतो. त्यापुढे गाडं काही सरकेना. शेवटी मीच कंटाळले. एक्सेटरच्या व्हीलर कापडवाल्याला लग्नाचा होकार लिहिला आणि त्या सकाळी ते पत्र एमॉसच्याच हातात दिलं.

पुढच्याच चढावर गाडी बर्फात रुतली. उतारू धडपडत आमच्या चुलीपाशी परतले. एमॉस मात्र तबेल्यात घोड्यावर टपालाच्या पिशव्या बांधायला लागला. गाडी अडली तर माणसं थांबतील, टपाल थांबायचं नाही, असा नियमच होता. आदल्या हिवाळ्यात असाच निघालेला एक रक्षक बर्फ वितळल्यावर सापडला होता.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हणाले. "हातभर अंतरावरचं दिसत नाही बाहेर."

"रोज तुझं तोंड बघतो, थर्झा. आज बर्फ बघतो."

मला हसू आलं नाही. "माझं पत्र परत दे."

"पिशवीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं. राजाने मागितलं तरी मिळायचं नाही."

"त्यात मी व्हीलरला हो म्हटलंय."

त्याने घोड्याचा आवळलेला पट्टा सोडला आणि पुन्हा आवळला. "मग... ते नीट पोचवायलाच हवं," तो हळूच म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला. आणि माझा जीव याच माणसावर आहे, हेही तेव्हाच कळलं.

मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या दोन पत्रं लिहिली. पहिल्यात व्हीलरला नकार. दुसऱ्यावरचं नाव वाचून एमॉस चपापला.

"हे — माझं आहे?"

"हो."

"मग आत्ताच..."

"खबरदार. पत्ता एक्सेटरच्या टपालकचेरीचा आहे. तिथे पोच, मग वाच."

त्याने दोन्ही पत्रं पिशवीत टाकून कुलूप लावलं आणि निघाला. टपाल येतंय हे कळवायला तो फुंकायचा त्या शिंगाचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी मी दारातच उभी होते.

पाच दिवस काही कळलं नाही.

सहाव्या दिवशी चढावरून शिंग वाजलं. टपालगाडीवरून एमॉस उतरला. उजव्या हाताला पट्टी, दोन बोटं बर्फाने गेलेली.

"'जिवंत परत ये, मी वाट बघतेय,' असं लिहिलंस," तो म्हणाला. "आलो. उत्तर लिहिता येईना... तोंडी चालेल?"

मी त्याचा तो हात दोन्ही हातांत घेतला.

त्या दिवशी टपाल चार मिनिटं उशिरा निघालं. रस्ता तर मोकळा होता.