वाऱ्याच्या आधी

कुंझेस मला पहिल्यांदा भेटली तेव्हा आमच्यामध्ये एक बंद दार होतं. आत ती, बाहेर मी, आणि माझ्या डोक्यावर दुसऱ्याची टोपी.

खरं तर मी तिथे असायलाच नको होतो. लग्न माझ्या मामेभावाचं. आमच्याकडे, लेहच्या बाजूला, नवरदेव घरी बसतो आणि नवरी आणायला गाणारे पुरुष जातात. त्यांना न्योपा म्हणतात. नवरीकडचे त्यांना दारात अडवतात, गाण्यातून प्रश्न विचारतात आणि उत्तर येईपर्यंत विलोच्या झाडाच्या फोकांनी झोडपतात. त्या दिवशी एका न्योपाला ताप भरला. मामा, म्हणजे आमचे अझांग-ले, म्हणाले, "मोरुप, तू चल. शाळेत विज्ञान शिकवतोस, तोंड तर चालतंच तुझं."

नवरीच्या तिया गावात पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होता. मामांनी तीन गाणी म्हटली आणि त्यांचा घसा बसला. तेवढ्यात आतून एका मुलीने विचारलं. गात होती, पण सुरात हसू होतं.

"काहीच नव्हतं तेव्हा आधी काय आलं?"

मामांनी मला कोपर मारलं. आजोबांच्या मांडीवर वाढलेल्या कुणालाही हे उत्तर येतं. मी वाढलो जम्मूच्या वसतिगृहात. मला जे येत होतं तेच सांगितलं.

"आधी... सगळं एका ठिपक्यात होतं. खूप तापलेलं. मग ते फुगत गेलं—"

आत हशा पिकला. माझ्या पाठीवर बाहेरच्या कुणाचा तरी फोक बसला आणि त्या आजारी न्योपाची सैल टोपी नाकावर घसरली.

"आणि तो ठिपका कुठे ठेवला होता हो?"

मी विचार केला. खरोखरच केला.

"...माहीत नाही."

दारात न्योपाने थापा माराव्यात, भांडावं, पण हे दोन शब्द कधी उच्चारू नयेत. नवऱ्याकडच्यांचं नाक कापलं जातं. मामांनी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात दाराच्या फटीतून कुजबुज आली—

"वारा. वारा म्हण, गाढवा."

"वारा!" मी ओरडलो.

दार उघडलं. समोर ती उभी होती. हातात फोक, चेहरा अगदी गंभीर, फक्त खालचा ओठ दातात धरलेला.

"टोपी वर करा, न्योपा-ले," ती म्हणाली. "नाहीतर नवरी समजून आमची आजी उचलून न्याल."

नवरीबरोबर तिच्या मैत्रिणी आमच्या गावी, सास्पोलला आल्या. त्यांत कुंझेसही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात लोण्याचा चहा घुसळत होती. मी निखारे मागायच्या निमित्ताने गेलो.

"या, ठिपकेवाले मास्तर. सापडली का जागा?"

"जागाच नव्हती तेव्हा. जागाही त्याच्याबरोबरच फुगली. खंबीर रोटीच्या पिठासारखी."

"पीठ परातीत असतं."

"इथे परातही पिठाचीच."

घुसळणं थांबलं. "आणि खमीर कोणी घातलं?"

"कोणीच नाही."

"हे मात्र पटलं." ती पुन्हा घुसळू लागली. "आमच्या गाण्यातही कोणी करणारा नाही. पोकळीत वारा सुटतो, वाऱ्यावर पाणी साचतं. वारा ते पाणी घुसळतो... असं. मग वर साय धरते. ती ही जमीन."

"पण वारा कशाने सुटला?"

"आधीच्या जगातल्या माणसांच्या कर्मांनी."

"आणि ते जग?"

"त्याच्या आधीच्या. सुरुवात शोधायला गेलं की तिच्या आधीचं काहीतरी हाताला लागतं. तुम्हाला नाही का असं वाटत?"

मी धीर केला. "मग आपल्या दोघांची सुरुवात कुठून धरायची?"

"आपल्या दोघांचं काही सुरू आहे, असं कोण म्हणालं?"

तिचे कान लाल झाले होते. चहाकडे बघत ती म्हणाली, "तुमची टोपी नाकावर आली ना, तेव्हा मला... नाही. त्याच्या आधी. तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात तेव्हा. पण तेव्हा सांगावंसं वाटलं म्हणजे... त्याच्याही आधी..." ती थांबली. "बघा. नाहीच सापडत."

तो घुसळण्याचा आवाज मला अजून आठवतो. कुंझेस जाऊन दोन हिवाळे झाले. चहा मी आता एकट्यापुरता करतो, त्याला घुसळायला फार वेळ लागत नाही. असो. तेव्हाचंच सांगतो.

चहा कधीच झाला होता, तरी ती घुसळत राहिली. "पौर्णिमेला लेहहून छांगेची घागर येणार आहे," ती म्हणाली. छांग म्हणजे आमची जवाची दारू; मागणी घालायला तीच नेतात. "ठेकेदाराच्या मुलासाठी मागणी. आबा-लेंनी त्यातला एक घोट घेतला की ठरलं."

"आणि तुला हवंय का ते?"

"मला कोण विचारतंय?"

"मी विचारतो."

तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "नुसतं विचारायला काय, दाराआडूनही येतं. आधी घागर घेऊन या."

मामा तयार होईनात. "'माहीत नाही'वाल्यासाठी मी कुठल्या तोंडाने जाऊ? तिचा बाप म्हणजे त्या सगळ्या खोऱ्यातला दारच्या गाण्यांचा उस्ताद!" मग मीच घागर पाठीवर बांधली आणि निघालो. अर्ध्या वाटेत मामा धापा टाकत मागून आले. नवरा मुलगा स्वतःची घागर स्वतः घेऊन जातो म्हटल्यावर उरलंसुरलं नाकही गेलं असतं.

कुंझेसचे वडील, आबा नवांग, चुलीशी बसले होते. मागणीच्या वेळी मुलगी आतल्या खोलीत असते. मामांनी वाटी भरून पुढे ठेवली. आबांनी हात लावला नाही.

"दारात 'माहीत नाही' म्हणाला, तोच ना हा?"

"शेवटी उत्तर दिलं की त्याने," मामा म्हणाले.

"हं. निदान वारा तरी आठवला."

मध्ये पडदा होता. तो बाजूला झाला आणि कुंझेस बाहेर आली.

"नाही आठवला, आबा-ले. मी सांगितला."

मामांची चहाची वाटी ओठांशीच थांबली. आबांचा चेहरा उतरला. त्यांनीच तिला गाणी शिकवली होती.

"आपल्या दारातून? बाहेरच्याला?"

"हो."

"म्हणजे याला तेवढंही येत नव्हतं?"

"काहीच येत नव्हतं."

मला वाटलं, झालं. बुडवलं हिने मला.

"आणि तरी तुला हाच हवा?"

"हाच." ती मागे हटली नाही. "कितीतरी जणांना विचारलंय मी. सगळे 'वारा' म्हणतात आणि छांगेकडे बघतात. हा एकटा विचार करत उभा राहिला. पाठीवर फोक बसत असताना. लेहची घागर आली तर मी तसाच फोक घेऊन दारात बसेन, सांगून ठेवते."

आबांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग माझ्याकडे वळले. "वाऱ्याच्या आधी काय होतं, ते आहे का रे तुझ्या पुस्तकात?"

"अजून नाही, आबा-ले."

"आमच्या गाण्यातही नाही." हे ते अगदी हळू म्हणाले, घरातली गोष्ट सांगावी तसं. "जगांमागे जगं सांगतो आम्ही. पण मुळात काही का असावं... ते माझ्या बापालाही विचारलं होतं मी. त्याने फोक मारला."

त्यांनी अनामिका वाटीत बुडवली, देवांसाठी तीनदा थेंब उडवले आणि घोट घेतला. लगेच तोंड वाकडं केलं.

"आंबट आहे."

"पौर्णिमा जवळ आली होती ना, घाईत केली," मामा म्हणाले.

कुंझेस पळत पडद्याआड गेली. आता कुठे तिला रीत आठवली होती. पण आत जाऊन ती जी हसायला लागली, ते हसू काही पडद्यामागे मावेना. आबांनी तिकडे कान दिला. ओठ पुसले आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"ओत आणखी," ते म्हणाले. "आणि तो ठिपका... बस इथे, नीट सांग."