उपसलेलं पाणी

आधी फक्त एवढंच खटकलं, की नव्या खोलीचा गिलावा सुकत नव्हता. बाहेर मे महिन्याचं ऊन, जांभा नुसता तापलेला. आत हात लावावा तर भिंत गार, ओली, आणि वास शेवाळाचा.

"भिंतीला घाम फुटतोय, ताई. पंखा लावा तिला!" महिपत गवंडी म्हणाला. मला हसता आलं नाही.

पाणी कुठलं, ते मला माहीत होतं. शेजारच्या गफूरचाचांची बायको, ताजबीचाची, गेल्या महिन्यात त्यांच्याच विहिरीत पाय घसरून गेली. कुणी बुडालं की आमच्या वाडीत विहीर तळापर्यंत उपसतात, मगच नवं पाणी पितात. पंप लागला तेव्हा अब्बा कुवेतला, बांधकाम माझ्यावर, आणि टँकर मिळत नव्हता. मीच पाईप आमच्या टाकीत सोडायला लावला. प्यायचं थोडंच आहे, म्हटलं. सिमेंटला काय कळतंय?

आज दुपारी चाचा कुंपणाशी आले.

"हुदा, ता पाणी खय सोडलाव गो?"

"वहाळात, चाचा."

"बरा केलास. दर्याला मिळाला असेल." त्यांनी टोपीनेच डोळे पुसले. "जिवाला बरा वाटला माझ्या."

ते वळले तरी माझी मान वर होईना. तशीच नव्या खोलीत जाऊन उभी राहिले. भिंतीवरून एक ओघळ उतरत होता. का कुणास ठाऊक, मी कान लावला. आत, खूप खोल, थेंब पडला... मग बराच वेळ काहीच नाही... मग पुन्हा थेंब, आणि त्याच्यामागे कुणी दम खाल्ल्यासारखं...

मी समोरच्या खिडकीपर्यंत मागे सरकले. ईदला अब्बा येणार. याच खोलीत अम्मी-अब्बा झोपणार. भिंत पाडायलाच हवी. पण त्याआधी चाचांना खरं सांगायला हवं. आत्ताच, नाहीतर माझ्याने कधीच व्हायचं नाही.

"गफूरचाचा..." मी वळून खिडकीतून त्यांच्या घराकडे हाक मारली.

त्यांचं दार उघडं होतं. अंगणात कुणी नव्हतं.

"चाचा, मी खोटं बोलले... ते पाणी... गफूरचाचा!"

तेवढ्यात ओ आली. खिडकीबाहेरून नाही. माझ्या पाठीमागून, भिंतीतून, अगदी रोजच्या आवाजात.

"ते घरात नाय गो. नमाजला गेलेत. काय काम होता?"