चार नंबरची हजेरी

दिवा राहू दे. अंधारात मला हे सांगता येणार नाही, आणि सांगायला बसले तर सगळंच सांगावं लागेल.

मी फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. पेट्या रचायच्या, नासकी फळं वेचून बाहेर काढायची. काम संपलं की दाराबाहेरच्या बोळात जमायचं. त्या बोळात दिवा नाही आणि कानटोप्यांमुळे एरवीही कोणी ओळखू येत नाही, म्हणून प्रत्येकीने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. सगळे नंबर आले की सुपरवायझर दार लावून कुलूप घालतो. आम्ही लागलो तेव्हापासून हीच पद्धत.

एक नंबर थोरलीचा. ती वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. दोन नंबर भोंग्याचा, जी कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. तीन मी. आणि चार शेपटीची. शेवटचा नंबर म्हणून शेपटी. आमच्यात सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची.

शेपटीला मोठं शहर बघायचं वेड होतं. जेवणाच्या सुट्टीत ती बोटांवर मोजून दाखवायची. एक, सरकत्या जिन्यावर चढायचं. दोन, सतराव्या मजल्यावरून खाली बघायचं. तीन, जिथे कोणी आपल्याला ओळखत नाही अशा रस्त्यावरून मोठमोठ्याने बोलत चालायचं. सतरावाच का, असं विचारलं तर म्हणायची, "सोळा कमी वाटतात गं."

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ती बोळात नव्हती. मला वाटलं, बस पकडायला आधीच सटकली असेल. अशा वेळी आम्ही एकमेकींचा नंबर म्हणून टाकायचो, त्यात काही विशेष नव्हतं. मी "तीन" म्हटलं आणि मग आवाज बारीक करून "चार" म्हटलं. दार लागलं. ती आत होती. खिशातून पडलेली फणी शोधायला शेवटच्या रांगेत गेली होती. दाराची आतली कडी महिनाभर तुटलेली होती. सकाळी शेपटी दाराशीच सापडली, गारठून जीव गेलेली.

सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही तिचा आवाज ऐकला, बहुतेक नंतर परत आत गेली असेल. मीही तेच सांगितलं. तिच्या आईसमोर बसून तेच सांगितलं, आणि त्या माउलीने मलाच पाणी आणून दिलं. तेव्हापासून एक घास मला सुखाने गिळता आला नाही.

वर्ष उलटलं. थोरली एक दिवस म्हणाली, "शनिवार-रविवार शहरात जाऊ. तिच्या यादीतलं आपण तरी बघू." भोंग्याने लॉजला फोन लावला. किती जणी, असं पलीकडून विचारलं आणि हिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चार." नंतर लक्षात आलं, तेव्हा थोरली म्हणाली, "राहू दे. एका पलंगावर पिशव्या ठेवू."

लॉजवाला वयस्कर, जाड चष्म्याचा. त्याने आमच्याकडे बघत मोजल्यासारखी मान चार वेळा हलवली आणि चार टॉवेल काढून दिले. भोंगा काही बोलणार होती, पण थोरलीने तिला कोपर मारलं. आमचं सगळं लक्ष बाहेर होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिघी आपल्या मर्जीने कुठेतरी आलो होतो. खरं सांगते, मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच लाज वाटत होती.

दुपारभर फिरलो. संध्याकाळच्या सुमाराला दुकानांच्या एका जुन्या मोठ्या इमारतीत शिरलो. तिथे सरकता जिना होता. भोंगा पहिल्या पायरीवर पाय ठेवायला घाबरून पाच मिनिटं उभी, मागे रांग लागली. शेवटी थोरलीने तिला पोतं ढकलावं तशी ढकलली. वर पोचेपर्यंत आमची हसून पुरेवाट झाली.

स्वच्छतागृह तळघरात होतं. तळघर सहाला बंद होतं अशी पाटी होती, पण पाट्या वाचून वावरायची आम्हाला कुठे सवय. त्या दोघी पायऱ्यांपाशी थांबल्या, मी आत गेले.

मी बाहेर यायला कडीला हात घातला आणि दिवे गेले.

आधी मला काहीच वाटलं नाही. मग लक्षात आलं की कडी फिरते आहे, पण दार उघडत नाही. आणि वास आला. ओल्या लाकडाचा, नासायला लागलेल्या सफरचंदांचा. आमच्या शेवटच्या रांगेत येतो तोच. पायांतून गारठा चढायला लागला. बाहेर रखवालदाराचा आवाज आला, "आत कोणी आहे का? शटर ओढतोय."

आणि अंधारात थोरलीने सवयीप्रमाणे हजेरी सुरू केली. "एक."

"दोन," भोंगा म्हणाली.

मी तोंड उघडलं. घशातून हवासुद्धा निघेना. आणि बाहेरून, त्या दोघींच्या अगदी जवळून, कोणीतरी म्हणालं...

"तीन."

माझाच आवाज होता तो. दोनच्या मागोमाग ज्या अर्धवट घाईने मी तो म्हणते, तसाच.

"चला," थोरली म्हणाली. पावलं पायऱ्या चढायला लागली. शटर खडखडत खाली यायला लागलं.

मला सगळं कळलं. मी दाराला कपाळ टेकलं. ओरडायला आवाज नव्हताच, पण कुजबुजता येत होतं. मी म्हटलं, "शेपटे... ती मी होते गं. तुझा नंबर मी म्हटला. मला वाटलं तू गेलीस. मी कोणालाच सांगितलं नाही... तुझ्या आईलासुद्धा नाही." आणखी काय म्हणणार? माफ कर, असंही मला म्हणवेना. तुला हवं तर मला इथेच राहू दे, एवढंच म्हटलं आणि खाली बसले.

शटर खाली येत राहिलं. मग माझ्या मानेवर गार श्वास लागला, अगदी शेजारी कोणी उभं असावं तसा. तो हळूहळू दूर गेला. आणि बाहेर पायऱ्यांवर, बारीक, स्वच्छ आवाजात कोणीतरी म्हणालं,

"चार."

पावलं थांबली. थोरलीचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. ती रखवालदाराला म्हणाली, "थांब. शटर थांबव. आम्ही तिघी आहोत. हजेरी चुकली आहे." मग, भोंग्याने नंतर सांगितलं, तिने अंधारात भोंग्याचा हात चाचपून धरला, दुसऱ्या हाताने माझा शोधला आणि तिथे कोणीच सापडलं नाही. दिवे लागले तेव्हा रखवालदाराने नुसतं दार ढकललं आणि ते उघडलं.

लॉजवर मी त्यांना सगळं सांगितलं. भोंगा उशीत तोंड खुपसून रडली, तेवढ्या एकाच वेळी तिचा आवाज आला नाही. मला वाटलं, आता थोरली माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

"सर्वांत मोठी मी," ती म्हणाली. "हात लावून मोजायचं काम माझं होतं. मी नुसते आवाज मोजले." मग पांघरूण ओढत म्हणाली, "सोमवारी तिच्या आईकडे जायचं. तिघींनी. आणि ती कडी, ती बसवल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही, सुपरवायझरला काय करायचं ते करू दे."

सकाळी चौथ्या पलंगावरच्या पिशव्या खाली नीट रांगेत ठेवलेल्या होत्या, आणि चादर चुरगळलेली होती. भीती होती, नाही कशाला म्हणू, पण तिच्यामुळे पळून जावंसं वाटत नव्हतं. त्या दिवशी आम्ही सतराव्या मजल्यावर गेलो. रस्त्यातून इतक्या मोठ्याने बोलत गेलो की लोक वळून बघत होते. बसमध्ये बसण्याआधी थोरलीने प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून मोजलं. एक, दोन, तीन. मग आम्ही थांबलो. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. चौथा आवाज आला नाही.

सोमवारी तिच्या आईसमोर मी सगळं बोलले. ती उठून आत गेली. आता दार लावून घेईल, असं वाटलं. ती ओले डोळे पुसत परत आली आणि समोर बसली. म्हणाली, "तुला उद्या मी काय म्हणेन ते मला माहीत नाही. आज एवढं सांग, त्या सतराव्या मजल्यावरून खाली काय दिसतं?" मी अंधार पडेपर्यंत सांगत होते. निघताना ती म्हणाली, "परत ये. राहिलेलं सांग."

मंगळवारी कामावर नवी कडी बसली. थोरली स्वतः आत उभी राहिली, दार लावून घेतलं आणि आतून दहा वेळा उघडून बघितलं. तेवढ्यात लॉजवाल्याचा फोन आला. भोंग्याने ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुमच्या चौथ्या मैत्रिणीचं काय करू, बाई?" तो म्हणाला. "खोली सोडत नाहीत. ठोठावलं की नुसतं 'चार' म्हणतात. किल्ली माझ्याकडे आहे, पण उपयोग काय? त्यांनी आतून कडी लावून घेतली आहे."

मी एवढंच विचारलं. "कडी नीट आहे ना हो? आतून उघडते ना?"

"उघडते की. रात्री आपणच काढतात, वरखाली फिरून येतात आणि परत लावून घेतात. चांगली आहे कडी."

"मग असू दे त्यांना," मी म्हटलं.