रिकाम्या पिंजऱ्यातलं गाणं

दिवा बारीक करा, पोरांनो, पण राहू द्या. मी भुतंबितं मानत नाही. म्हणजे, मानत नव्हतो. आता खात्रीने सांगवत नाही. हे माझ्या भाचीच्या बाबतीत घडलं, तिच्याच तोंडून ऐकलंय.

ती उंदरांची गाणी रेकॉर्ड करते. हसू नका. नर मादीला रिझवायला गातो, पण इतक्या बारीक आवाजात की माणसाच्या कानाला पत्ता लागत नाही. यंत्रावर संथ केलं की शीळ ऐकू येते. तिच्याकडचा एक नर गाता गाता मध्येच अडखळायचा, म्हणून त्याचं नाव पडलं उचक्या. तो मेला. त्याचा पिंजरा धुऊन, झाकण लावून फळीवर ठेवला.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्री पावणेबारा. काम साधंच होतं. मादीला आधी गाणं ऐकवायचं, मग त्या रिकाम्या पिंजऱ्यात रेकॉर्ड केलेली नुसती शांतता. गाण्याकडे ती धावते, शांततेकडे ढुंकूनही बघत नाही, एवढं दाखवलं की प्रबंध पुरा.

भाचीने शांतता लावली. मादी धावली. स्पीकरच्या जाळीला नाक लावून बसली.

पुन्हा लावली. पुन्हा तेच.

मग भाचीने ती शांतता संथ करून ऐकली. शीळ होती. आणि मध्येच... उचकी.

तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना बोलावून घेतलं. त्यांनी ऐकलं. चेहरा उतरला.

"पुसून टाक हे."

"का, सर?"

"लोक हसतील. प्रबंध गेला समज."

"जाऊ दे. मी पुसणार नाही."

"हट्ट सोड, पोरी."

"तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणा, लगेच सोडते."

सरांनी स्पीकरची वायर उपटली.

मादी हलली नाही. कान ताठ. मग वळली. फळीकडे. त्या पिंजऱ्याकडे.

त्यावरचा मायक्रोफोन चालूच होता. पडद्यावरची आवाजाची रेघ थरथरली... तुटली... पुन्हा थरथरली.

सर निघून गेले. दार उघडंच टाकून.

मी असतो तर त्यांच्याही पुढे पळालो असतो. भाचीने खुर्ची ओढली, फळीसमोर बसली. म्हणाली, "गा रे उचक्या. बघू कोण पुसतंय!"

"मग, आजोबा?"

मग... सकाळ झाली. प्रबंध अजून अडकलाय, आणि ती अजून नमलेली नाही.

त्या सकाळी मादीला घरट्यासाठी दिलेला कापूस तिच्या पिंजऱ्यात नव्हता. झाकणं दोन्ही बंद. फळीवरच्या त्या धुतलेल्या पिंजऱ्यात मात्र कापसाचं गोल घरटं.

भाचीने आत हात घातला.

घरटं उबदार होतं.